मॅलॅट-वन वाढलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

प्रश्न आपल्या इंदूरच्याच एका मुलीचा आहे. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्या मामांना डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला आहे. वीस वर्षं गुटखा, तो सुटल्यावर साधी सुपारी. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. मधल्या काळात एका लॅबचा प्रतिनिधी भेटला आणि रक्तातल्या लाँग नॉनकोडिंग आरएनएचं, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या लांब आरएनएंचं (थोडक्यात एलएनसी-आरएनए), पॅनेल करून घ्या म्हणाला. मॅलॅट-वन हा त्यांतलाच एक. कॅन्सर पसरणार का, कुठलं औषध लागू पडेल, सगळं त्यातून कळतं असं त्याने सांगितलं. ती लिहिते: "हे आरएनए कॅन्सरमध्ये महत्त्वाची भूमिका बजावतात असं आम्हाला शिकवलंय, म्हणून मी घरी होकार देऊन बसले. आता आई विचारतेय, एवढे पैसे घालायचे का? आणि मला स्वतःला समजून घ्यायचंय, ही भूमिका म्हणजे नेमकी काय?"

आईला आधी सांगा, नको. त्या रिपोर्टमुळे मामांच्या उपचारातली एकही गोष्ट बदलणार नाही. ऑपरेशन तेच राहील, मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढायच्या की नाही हे त्यावरून ठरणार नाही, रेडिएशनचा निर्णयही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पंचवीस वर्षं गाठी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघते आहे, आणि माळव्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजिस्टसारखे माझ्याही टेबलावर तोंडाचे कॅन्सर सतत येतात. आजवर एकाही तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचा उपचार एलएनसी-आरएनएच्या आकड्यावर ठरलेला मी पाहिलेला नाही. आईसाठी एवढं पुरे.

तुमचा स्वतःचा प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो. वर्गात "भूमिका बजावतात" हा शब्द इतक्या सहज येऊन जातो की त्याच्या पोटात तीन वेगळे अर्थ आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एखादा आरएनए गाठीत नुसता हजर असतो. एखादा गाठीची खूण असतो. आणि एखादा खरोखर गाठीला वाढवतो. सोबती, खूण आणि कारण. या क्षेत्रातला बराचसा गोंधळ सोबत्याला कारण समजण्यातून झाला आहे.

मुळापासून घेऊ. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांच्या कृती सांगतो, म्हणजे साधारण २० हजार जनुकं. माझ्या शिक्षणाच्या काळात उरलेल्याला सरळ कचरा म्हणत. पण तो भाग गप्प बसलेला नाही, त्याच्याही आरएनए प्रती निघतात. २०१२ मध्ये, डीएनएचा कुठला भाग काय करतो याची नोंद करणाऱ्या 'एन्कोड' प्रकल्पाने दाखवलं की कुठल्या ना कुठल्या पेशीत बघितलं तर डीएनएच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागाची आरएनएत नक्कल होते. अशा, प्रथिन न बनवणाऱ्या आणि २०० अक्षरांहून लांब आरएनएला लाँग नॉनकोडिंग म्हणायचं ठरलं. २०० ही रेघ सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही. प्रयोगशाळेत लहान आरएनए वेगळे करण्याच्या पद्धतीत ती आपोआप पडते. म्हणून या नावाखाली एक कुटुंब नाही, एक धर्मशाळा आहे: कामं वेगळी, स्वभाव वेगळे, छप्पर तेवढं एक. बावीसेक अक्षरांचे मायक्रोआरएनए यात येत नाहीत. ज्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं ते मायक्रोआरएनए. प्रतिनिधीने तुम्हाला "नोबेलवाली टेक्नॉलॉजी" असं सांगितलं असेल, तर त्याने दोन वेगळी घराणी एक केली.

ही मंडळी करतात काय? लग्नघर डोळ्यांपुढे आणा. आचारी स्वयंपाक करतात, वाढपी वाढतात, भटजी लग्न लावतात. ही सगळी प्रथिनं. पण प्रत्येक मांडवात एक काका असतात. ते स्वतः काहीच करत नाहीत आणि त्यांच्यावाचून काहीच होत नाही. केटरिंगवाल्याला कुठल्या दारानं आत घ्यायचं ते दाखवतात, भांडणाऱ्या दोन व्याह्यांना एका सतरंजीवर आणून बसवतात, नको त्या पाहुण्याला गप्पांत गुंतवून बाहेरच ठेवतात. एलएनसी-आरएनएची कामं साधारण याच चालीची. एखादा प्रथिनांना डीएनएच्या नेमक्या जागी घेऊन जातो, एखादा दोन-तीन प्रथिनांना एकत्र धरून ठेवतो, एखादा प्रथिनाला किंवा मायक्रोआरएनएला स्वतःवर चिकटवून घेतो, म्हणजे ते दुसरीकडे पोचत नाही.

निर्विवाद उदाहरण पाहिजे असेल तर एक्सिस्ट. १९९१ मध्ये सापडला, १७ हजारांहून जास्त अक्षरांचा. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातल्या एकावर हा आरएनए गोधडीसारखा पसरतो आणि जवळजवळ सगळं गुणसूत्र बंद करतो. काळी, पिवळी, पांढरी अशी तीनरंगी मांजर बहुधा मादीच असते ती याचमुळे: काही पेशींत काळ्या रंगाचं एक्स बंद, काहींत पिवळ्याचं. त्यामुळे एलएनसी-आरएनए काही करतात का, हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे, कोण करतो आणि कुठल्या पेशीत.

आता कॅन्सर, आणि त्यासाठी मॅलॅट-वन. त्याची कहाणी नीट समजली की बाकीचं वाचताना डोळे उघडे राहतील.

२००३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठी तपासल्या. ज्यांचा आजार पुढे पसरला त्यांच्या गाठींत एक आरएनए खूप जास्त होता, ८ हजारांहून जास्त अक्षरांचा. त्याचं नावच पडलं "मेटॅस्टॅसिसशी संबंधित फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमातला आरएनए, क्रमांक एक". इंग्रजी आद्याक्षरं जुळवून मॅलॅट-वन. मेटॅस्टॅसिस म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरणं, ॲडेनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा एक प्रकार. नावातच निकाल लिहिला गेला. पुढे स्तन, आतडं, यकृत, तोंड, जिथे बघावं तिथे तो वाढलेला सापडू लागला, आणि शोधनिबंधांची रास पडली.

पण मॅलॅट-वन मुळात जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, आणि भरपूर असतो. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांतून तो पूर्ण काढून टाकला. उंदीर धडधाकट जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. मग २०१६ मध्ये, स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांत अँटिसेन्स औषधाने, म्हणजे नेमक्या आरएनएला चिकटणाऱ्या औषधाने, मॅलॅट-वन कमी केला तर गाठी मंदावल्या आणि फुप्फुसात कमी पसरल्या. वाटलं, कारण सापडलं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच प्रकारच्या उंदरांत वेगळ्या पद्धतीने मॅलॅट-वन बंद केला, तर कॅन्सर फुप्फुसात जास्त पसरला. परत घातला, तर पसरणं कमी झालं. त्यांनी यंत्रणाही दाखवली: मॅलॅट-वन 'टीड' नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतो आणि पसरण्याची जनुकं चालू करू देत नाही.

एकच आरएनए, एकाच प्रकारचे उंदीर, निष्कर्ष उलटे. यातल्या कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. प्रथिनाचं जनुक मोडलं तर प्रथिन जातं, हिशेब सरळ. इथे आरएनए काढण्याच्या प्रत्येक वाटेने वेगळंच काहीतरी सोबत हलतं. डीएनएचा तुकडा कापला तर त्या तुकड्यात शेजारच्या जनुकाचा स्विचही असू शकतो. अँटिसेन्सने आरएनए तोडला तर औषधाचे स्वतःचे परिणाम मिसळतात. जनुकात 'नक्कल इथे थांबव' असा थांबा घातला तर आरएनए जातो, जागा शाबूत राहते. म्हणून एलएनसी-आरएनएवरचा निबंध हातात घेतलात की मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेच सांगेन: आधी पद्धतीचा भाग उघडा आणि त्यांनी तो आरएनए कसा काढला ते बघा. निष्कर्ष नंतर वाचा.

पीव्हीटी-वन या दुसऱ्या एलएनसी-आरएनएची गोष्ट याहून बोलकी. आठव्या गुणसूत्रावर मिक या, पेशींना वाढायला लावणाऱ्या कुप्रसिद्ध जनुकाच्या शेजारी त्याचं घर. कित्येक गाठींत हा सगळा पट्टा अनेक पटींनी वाढतो, दोघंही एकत्र. २०१४ मध्ये दिसलं की उंदरांत नुसता मिक वाढून भागत नाही, शेजारी पीव्हीटी-वन असेल तर गाठी जोमाने येतात. म्हणजे हा साथीदार. २०१८ मध्ये दिसलं की पीव्हीटी-वनचा प्रमोटर, म्हणजे आरएनए जिथून सुरू होतो ती डीएनएची जागा, मिकसाठी ब्रेकचं काम करते. ती बंद पडली की मिक उधळतो, आणि यात आरएनएचा हातच नसतो. एकाच पत्त्यावर साथीदारही राहतो आणि पहारेकरीही. हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं, कारण ते आपल्याला आरएनएकडून परत डीएनएकडे बघायला लावतं.

हॉटेअर या आणखी एका एलएनसी-आरएनएबद्दल थोडक्यात. बाराव्या गुणसूत्रावर बनतो आणि दुसऱ्या गुणसूत्रावरची जनुकं बंद करतो असं २००७ मध्ये वर्णन झालं. २०१० मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो जास्त असला तर आजार पसरण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त दिसला. हे काम तो पीआरसी-टू या प्रथिनसंचाला घेऊन जाऊन करतो असं पाठ्यपुस्तकात गेलं. २०१७ मध्ये मात्र दिसलं की हॉटेअर ती जनुकं पीआरसी-टूशिवायही बंद करू शकतो. तुमच्या पुस्तकात जुनंच चित्र असेल तर समासात ही नोंद करून ठेवा.

मग यातून रुग्णाच्या हातात काहीच आलं नाही का? आलं. पीसीए-थ्री, हाही एलएनसी-आरएनएच. १९९९ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये याचं वर्णन झालं, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर आधारलेल्या लघवीच्या तपासणीला मान्यता दिली. बारकावे बघा. तो प्रोस्टेटशिवाय इतरत्र जवळपास बनतच नाही. प्रोस्टेटची बोटाने तपासणी करून लगेच आलेली लघवी घ्यायची, त्यातला पीसीए-थ्री आणि पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा आरएनए यांचं गुणोत्तर काढायचं. आणि विचारायचा प्रश्न एकच: पन्नाशीपुढच्या ज्या पुरुषाची आधीची बायोप्सी कॅन्सर नाही असं सांगते, त्याची पुन्हा बायोप्सी करावी का? बस्स. पसरणार का, औषध कुठलं, यातलं काहीही ती सांगत नाही. पीसीए-थ्रीमुळे कॅन्सर होतो का, हे ठरवण्याची गरजही तिला पडली नाही. तो खूण आहे, आणि खूण म्हणून चोख आहे. एक ठरलेला नमुना, एक ठरलेला प्रश्न, आणि उत्तर आल्यावर डॉक्टर काय वेगळं करणार ते आधीच ठरलेलं. मामांना सुचवलेल्या पॅनेलकडे या तिन्हींपैकी काय आहे ते प्रतिनिधीला विचारून बघा.

उपचाराचं म्हणाल, तर कॅन्सरमध्ये एलएनसी-आरएनएवर नेम धरणारं एकही औषध आज नेहमीच्या वापरात नाही. कल्पना आकर्षक आहे, कारण हे आरएनए प्रथिनांपेक्षा जास्त पेशी-विशिष्ट असतात आणि अँटिसेन्स औषधं आता खरीखुरी आहेत; मुलांच्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारावरचं न्युसिनरसेन २०१६ पासून मान्यताप्राप्त आहे. पण ते थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात देतात. शिरेतून दिलेलं अँटिसेन्स बहुतेक यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं, गालातल्या गाठीपर्यंत पुरेसं पोचत नाही. शिवाय माणसातले कित्येक एलएनसी-आरएनए उंदरात नसतातच, मग आधी तपासायचं कुणावर?

आता आपल्या तोंडाकडे येते, कारण तुम्ही प्रबंधासाठी हाच विषय घ्याल असं मला वाटतंय. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मॅलॅट-वन, हॉटेअर, एच-नाइन्टीन, यूसीए-वन वाढलेले असल्याचे निबंध आहेत. त्यातले बहुतेक एकच तुलना करतात: गाठ, आणि त्याच तोंडातला शेजारचा "नॉर्मल" तुकडा. आपल्याकडे इथेच पाय घसरतो. पुडी वर्षानुवर्षं ज्या गालात ठेवली, त्या गालात नॉर्मल काय उरलेलं असतं? गाठीभोवतीचं साधं दिसणारं अस्तरही बदललेलं असतं, हे तोंडाच्याच कॅन्सरवरच्या कामातून १९५३ मध्ये मांडलं गेलं. आमच्याकडच्या रुग्णांत त्यावर सबम्यूकस फायब्रोसिसची भर. अस्तराखाली दोरखंडासारखे पट्टे, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन कचोरीचा घास घेता येत नाही. अशा गालाचा तुकडा शून्य धरून मोजलं, तर आकडा कशाचा आला? बाहेरच्या देशांत तोंडाचा कॅन्सर म्हणजे मोठ्या प्रमाणात जिभेचा, आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या खोबणीतला, आणि त्यामागे तंबाखूइतकीच सुपारी. साधी, तंबाखूविना सुपारीही कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये देशात सगळ्यांत आधी गुटखाबंदी केली. पण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी विकली जातेच. तेव्हा बाहेरून आलेले आकडे इथे जसेच्या तसे लावायला माझं मन धजत नाही.

नमुना हाताळण्याचीही एक गोष्ट सांगते, कारण तिने मला खूप शिकवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही गाठींचे तुकडे आरएनएसाठी गोळा करत होतो. मे महिना. काही तुकडे काढल्या काढल्या गोठवले गेले. काही थिएटरच्या ट्रेमध्ये पडून राहिले, कारण नेणारा मुलगा दुसऱ्या मजल्यावर अडकला होता. मोजणीत दोन गट स्वच्छ वेगळे निघाले. आम्ही हरखलो, आणि दोन दिवसांनी नोंदवही उघडल्यावर कळलं की ते दोन गट गाठींचे नव्हते, ताबडतोब आणि उशिरा गोठवलेल्यांचे होते. आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्या हातावर, रक्तात, सगळीकडे असतात. आम्ही सगळे नमुने बाजूला ठेवले. तुम्ही प्रबंध कराल तेव्हा तुकडा काढल्याची वेळ आणि गोठवल्याची वेळ वहीत मिनिटांसकट लिहा. आरएनए किती शाबूत आहे ते तपासल्याशिवाय पीसीआरला, म्हणजे प्रत्यक्ष मोजणीला, हात लावू नका.

रक्तातल्या पॅनेलचा प्रश्न इथेच येतो. मॅलॅट-वन रक्तपेशींतही असतो. नळी हलली, पेशी फुटल्या, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करायला चार तास लागले, की आकडा वाढतो. तो मामांच्या गाठीने वाढवला की नळीच्या प्रवासाने, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. आणि ही तपासणी संशोधनाचा भाग म्हणून करतो असं कुणी म्हणालं, तर संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याच तपासणीचे पैसे घ्यायचे नसतात, हे आईला सांगून ठेवा.

मामांचं पुढचं ज्यावर ठरणार आहे ते ऑपरेशननंतरच्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये असेल. गाठ किती खोल गेली आहे, मिलिमीटरमध्ये. ५ आणि १० या दोन पायऱ्यांवर आजाराचा टप्पा बदलतो. कडा मोकळ्या आहेत का. मानेतल्या किती गाठी तपासल्या, किती बाधित, आणि कॅन्सर त्यांचं कवच फोडून बाहेर आला आहे का. नसांभोवती, म्हणजे मज्जातंतूंभोवती, शिरला आहे का. यातली एखादी ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर फोन करून मागा, कुणी रागावणार नाही. मान हाताला साफ लागत असली तरी सर्जन गाठी काढायचं म्हणाले तर घाबरू नका. टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यात मूळ ऑपरेशनच्या वेळीच मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट बघून नंतर काढलेल्यांपैकी ६७.५ टक्के. एका शस्त्रक्रियेच्या वेळेने पडलेला हा फरक आहे, आणि तो आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच तोंडांमध्ये मोजलेला आहे.

रेडिएशन लागलं तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्यासाठी दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. किडलेले दात नंतर काढले तर रेडिएशन घेतलेलं जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. पॅनेलसाठी काढलेले पैसे तिकडे, आणि ऑपरेशननंतरच्या तोंड उघडण्याच्या व्यायामाकडे वळवा. सुपारी आजपासून बंद, मुखवासातलीही.

आणि दुसरं मत घ्यायला अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल, तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबकडून सही करून मागून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा, आणि कापसात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.